फोटोच्या पाठीवरील अक्षरें

(शास्त्रपाठ : गलतीकरांस पत्र ६:११, यशया ४९:१४-१६)



प्रेषित पौल आपलीं पत्रें बहुधा स्वतःच्या हातानें लिहीत नसे. तो सांगे व दुसरा कोणी लिहून घेई. रोमकरांस पाठविलेलें मोठें पत्र ज्याच्या लेखणीनें उतरलें, त्या तर्तियाचें नांव त्याच पत्राच्या शेवटल्या अध्यायांत आढळतें. परंतु पत्र संपत आलें म्हणजे पौल लेखणी आपल्या हातीं घेई आणि शेवटच्या कांहीं ओळी स्वतः लिही. गलतीकरांस लिहितांना तर तो आपल्या अक्षरांच्या मोठेपणाकडे त्यांचें लक्ष मुद्दाम वेधतो. असें कां? विचार सर्व त्याचेच होते. मग अक्षर कोणाचेंही असलें म्हणून काय बिघडलें? बिघडत कांहीं नाहीं; पण प्रीतीचें तेवढ्यानें समाधान होत नाहीं. हा कागद माझ्या हाताखालून गेला आहे, हें वाचणाऱ्याला कळावें, अशी तिची इच्छा असते.

हा शास्त्रभाग वाचतांना शिपायांनीं घरीं पाठविलेल्या जुन्या फोटोंची आठवण होते. फोटोची पुढची बाजू यंत्राची असते. तींत गणवेष दिसतो, बंदूक दिसते, मिशांना दिलेला पीळ दिसतो. पण फोटो उलटला म्हणजे मागच्या बाजूस चार वांकड्यातिकड्या ओळी असतात, आणि त्या मात्र त्या माणसाच्या स्वतःच्या असतात. आज आपण ह्या मागच्या बाजूचा विचार करूं.

फ्रान्स देशाच्या उत्तर भागांत, आमियें शहराजवळ, विन्याकूर नांवाचें एक खेडें आहे. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धांत लढाईची जागा तेथून फार दूर नव्हती. थकलेल्या पलटणी विसाव्यासाठीं ह्या गांवीं येत व विसावा संपला कीं पुन्हां खंदकांत जात. तेथें लुई तुईलिए नांवाचा एक शेतकरी व त्याची पत्नी आंत्वानेत राहत असत. त्यांनीं आपल्या घराच्या अंगणांत एक रंगविलेला पडदा टांगला, कॅमेरा उभा केला आणि येणाऱ्या-जाणाऱ्या शिपायांचे फोटो काढण्यास आरंभ केला. ऑस्ट्रेलियाचे, इंग्लंडचे, फ्रान्सचे, अमेरिकेचे आणि आपल्या भारत देशाचेही शिपाई त्यांच्या कॅमेऱ्यापुढें उभे राहिले. फोटो पोस्टकार्डावर छापून मिळे. पुढें चेहरा, मागें लिहावयास जागा.

त्या जागेंत शिपायानें काय लिहावें? आपण कोठें आहों हें लिहिण्याची त्यास मनाई होती. घरीं जाणारीं पत्रें अधिकारी आधीं वाचून पाहत. लढाईचें वर्णन लिहितां येत नसे, आणि लिहितां आलें असतें तरी आईला तें कोण लिहील? म्हणून तो लहान लहान गोष्टी लिही : प्रकृति बरी आहे, तारीख अमुक, शेजारीं उभा आहे त्याचें नांव हें, घरच्या सर्वांना आठवण. १९१६ सालच्या उन्हाळ्यांत पोझिएर गांवाच्या आसपास सुमारें सहा आठवड्यांत ऑस्ट्रेलियन सैन्याचे सुमारें २३,००० लोक मेले व घायाळ झाले. विन्याकूरच्या अंगणांत हंसत उभे राहिलेल्यांपैकीं कित्येक पुन्हां घरीं गेले नाहींत. त्यांचें कार्ड मात्र समुद्र ओलांडून गेलें.

युद्ध संपलें. ज्या कांचेच्या प्लेटींवरून हे फोटो छापीत, त्या प्लेटी त्या शेतकऱ्याच्या घरच्या माळ्यावर पेट्यांत पडून राहिल्या. जवळजवळ शंभर वर्षांनीं, २०११ सालीं, शोध घेणाऱ्यांनीं त्या पेट्या उघडल्या, तेव्हां सुमारें ४,००० प्लेटी सांपडल्या. त्यांपैकीं ऑस्ट्रेलियन शिपायांच्या ८०० हून अधिक प्लेटी २०१२ सालीं कॅनबेरा येथील युद्धस्मारकास देण्यांत आल्या. चेहरे इतके स्पष्ट कीं, कोटाचीं बटणें मोजून घ्यावीं. पण हे कोण? कांचेवर नांव नव्हतें. नांव घरीं गेलेल्या कार्डाच्या पाठीवर होतें. मग दूर ऑस्ट्रेलियांत लोकांनीं आपल्या आज्यापणज्यांचीं कपाटें उघडलीं, जुनीं कार्डें बाहेर काढलीं, आणि तोच पडदा, तोच चेहरा पाहून एकेकाला त्याचें नांव परत दिलें. ज्याचें कार्ड जपून ठेवलें होतें, तो ओळखला गेला. ज्याचें कार्ड हरवलें, किंवा ज्याच्या कार्डामागें कोणी कांहीं लिहिलें नव्हतें, तो आजही नुसता चेहरा म्हणूनच राहिला आहे.

बंधूंनो, ह्यांत आपणांसाठीं पहिला धडा आहे. प्रीति नांव लिहिते आणि प्रीतीच नांव जपते. योहानाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायांत प्रभु चांगल्या मेंढपाळाविषयीं बोलतो, तेव्हां तो कळपाची संख्या सांगत नाहीं. मेंढपाळ आपल्या मेंढरांना नांवानें हांक मारतो, हें सांगतो. मोजणें हें हिशेबाचें काम आहे. नांव घेणें हें घरच्या माणसाचें काम आहे.

आतां दुसरी गोष्ट ऐका. ती अमेरिकेंतील आहे आणि याहूनही जुनी आहे. पहिल्या गोष्टींत फोटो शिपायाकडून घरीं गेला; हींत तो घरून शिपायाकडे आला होता.

१८६३ सालच्या जुलै महिन्यांत गेटिसबर्ग गांवीं तीन दिवस घनघोर लढाई झाली. लढाईनंतर एका शिपायाचें प्रेत सांपडलें. त्याच्या अंगावर त्याचें नांव सांगणारें कांहीं नव्हतें. हातांत मात्र एक फोटो घट्ट धरलेला होता. दोन मुलगे व एक मुलगी, तिघें लहान भावंडें. हा फोटो कांचेवर काढलेला होता. मरतांना त्या माणसानें शेवटचें जें पाहिलें, तें आपल्या लेकरांचीं तोंडें. पण त्या फोटोबरोबर एकही अक्षर नव्हतें. बापाचें नांव असतें, गांवाचें असतें, मुलांचें तरी असतें, तर एका टपालांत घरीं खबर पोहोंचली असती.

फिलाडेल्फिया शहराचे बर्न्स नांवाचे एक डॉक्टर जखमींची शुश्रूषा करण्यास निघाले असतां हा फोटो त्यांच्या पाहण्यांत आला. त्यांनीं तो मागून घेतला. त्या काळीं वर्तमानपत्रांत फोटो छापतां येत नसे. म्हणून त्यांनीं मुलांचीं वयें, कपडे, कोण कोठें बसलें आहे, असें सर्व वर्णन शब्दांनीं लिहून प्रसिद्ध केलें. ऑक्टोबरच्या १९ तारखेस तें एका मोठ्या दैनिकांत आलें, व पुढें २९ तारखेस 'अमेरिकन प्रेसबिटेरियन' नांवाच्या एका धार्मिक साप्ताहिकांत आलें. न्यूयॉर्क प्रांतांतील पोर्टव्हिल ह्या लहानशा गांवीं त्या साप्ताहिकाचा एक अंक येत असे. तो एक अंक हातोहात फिरत फिलिंडा ह्युमिस्टन नांवाच्या बाईपर्यंत गेला. तिचा पति आमोस हा १५४ व्या न्यूयॉर्क पलटणींत सार्जंट होता. तो खोगीर व लगाम शिवणारा कारागीर; तारुण्यांत देवमाशांच्या शिकारीच्या जहाजावर गेलेला. तो घरीं नेमानें पत्रें लिही. लढाईपूर्वीं कांहीं आठवडे तिनें त्याला तिन्ही मुलांचा फोटो पाठविला होता व तो मिळाल्याचें त्याचें पत्रही आलें होतें. गेटिसबर्गच्या लढाईनंतर मात्र पत्र आलें नव्हतें.

तिनें वर्णन वाचलें. आपल्या फ्रँकचें, ॲलिसचें, फ्रेडचें वर्णन तिला ओळखूं आलें नसेल काय? तरी आशा सुटत नाहीं. तिनें डॉक्टरांस पत्र पाठविलें. नोव्हेंबरांत फोटोची नक्कल तिच्या हातीं आली, आणि आपण विधवा झालों हें त्या बाईला कळलें.

उपदेशकांनो, ज्या कामास तुम्ही लहान समजतां त्याचें मोल ह्या गोष्टींत पाहा. खेड्यांत येणारा एकच अंक. पण कोणी तरी तो वाचून बाजूस टाकला नाहीं. त्यानें तो शेजाऱ्याला दिला, त्यानें पुढल्याला दिला. त्या हातांची नांवें इतिहासांत मोठ्या अक्षरांनीं लिहिलेलीं नाहींत. पण ते हात नसते तर तीन लेकरांचा बाप कायमचा अनोळखी राहिला असता. तुम्ही एखाद्या म्हातारीला तिच्या मुलाचें पत्र वाचून दाखवितां, तिचें उत्तर लिहून देतां, दूर गेलेल्याची खबर घरीं पोहोंचवितां. तें सेवेच्या बाहेरचें काम नव्हे.

परंतु ही गोष्ट येथें संपत नाहीं, आणि पुढला भाग सांगतांना मन कष्टी होतें. तरी तो सांगितला पाहिजे. त्या तीन मुलांच्या फोटोच्या हजारों प्रती विकल्या गेल्या. लोक रडले. रविवारच्या शाळांतील मुलांनींही पैसे दिले. त्या पैशांतून १८६६ सालीं गेटिसबर्ग येथेंच शिपायांच्या पोरक्या मुलांसाठीं एक आश्रम उघडला गेला. फिलिंडाही आपल्या मुलांसह तेथें राहावयास गेली; पुढें १८६९ सालीं तिनें पुन्हां लग्न केलें व तें स्थळ सोडलें. त्यानंतर आश्रमाचा कारभार एका कठोर बाईच्या हातीं गेला. तिनें मुलांचा इतका छळ केला कीं, प्रकरण न्यायालयांत गेलें व ती दोषी ठरली. १८७७ सालीं तो आश्रम बंद पडला.

फोटो पाहून ज्यांचे डोळे भरून आले, ते लोक खोटे नव्हते. त्यांचीं आसवें खरीं होतीं. पण आसवें पुसलीं गेल्यावर आश्रमाच्या दाराशीं जाऊन आंतल्या मुलांची विचारपूस करावयास फारच थोडे गेले. हा आपला दुसरा धडा. चित्राची दया येणें सोपें आहे. ज्याचें तें चित्र आहे त्याच्या लेकरांना रोजची भाकर देणें आणि गोड शब्दानें हांक मारणें कठीण आहे. भुकेल्याला नुसता आशीर्वाद देऊन वाटेस लावणारा विश्वास निर्जीव आहे, असें याकोब बजावतो. आपल्या मंडळींतही असें घडत नाहीं काय? तरुण मरण पावला म्हणजे सर्व गांव लोटतो, फोटोला हार घालतो. आणि वर्षभरानें त्याच्या विधवेच्या शेतांत नांगर कोणी धरला, तिच्या पोराची शाळेची फी कोणी भरली, हें विचारलें तर आपण एकमेकांच्या तोंडाकडे पाहतों.

आतां आपण आपल्या मुलुखाकडे वळूं. सातारा जिल्ह्यांत अपशिंगे नांवाचें गांव आहे; तेथील घराघरांतून माणसें पलटणींत गेलीं, म्हणून त्याला लोक 'अपशिंगे मिलिटरी' म्हणतात. पहिल्या महायुद्धांत त्या एका गांवचे ४६ जण कामास आले. त्याच युद्धांत १९१५ च्या डिसेंबरपासून १९१६ च्या एप्रिलअखेरपर्यंत इराकांतील कूत शहरांत पुण्याची सहावी डिव्हिजन वेढ्यांत अडकून पडली होती. तींत मराठ्यांच्या १०३, ११० व ११७ ह्या पलटणी होत्या. घोडीं कापून खावीं लागलीं. शेवटीं सुमारें १३,००० लोकांनीं शस्त्रें ठेवलीं आणि पुष्कळजण कैदेंत व वाळवंटाच्या वाटेवर मेले. त्या महिन्यांत कोंकणांतील व देशावरील किती दारांत आया टपालवाल्याची वाट पाहत उभ्या राहिल्या असतील! त्यांपैकीं बहुतेकींना वाचतां येत नव्हतें, व त्यांच्या मुलांपैकीं पुष्कळांना लिहितां येत नव्हतें. तिकडे पलटणींतला लिहिता माणूस लिही, इकडे गांवचा मास्तर वाची. पौल व तर्तिय ह्यांच्यासारखेंच तें होतें. फक्त शेवटच्या ओळीच्या जागीं मोठ्या अक्षरांऐवजीं कधीं कधीं नुसता अंगठा असे. पण आईला तो अंगठाही पुरे होई.

आणि ह्या लोकांच्या नांवांचें काय झालें? युद्धांत मेलेल्यांच्या कबरी व स्मारकें सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थच्या आयोगानें २०२१ सालीं एक अहवाल प्रसिद्ध करून क्षमा मागितली. त्यांत असें कबूल करण्यांत आलें कीं, आशिया व आफ्रिका खंडांतील सुमारें ४५,००० ते ५४,००० मृतांचें स्मरण इतरांच्या बरोबरीनें ठेवलें गेलें नाहीं; आणि निदान १,१६,००० जणांचीं नांवें तर लिहिलींच गेलीं नाहींत. कोठें नुसता आंकडा, कोठें तेंही नाहीं. गोऱ्याच्या थडग्यावर नांव आणि काळ्याच्या वांट्यास संख्या. देवासमोर हा अन्याय आहे. तो उघड झाला हें बरें झालें. पण दुसऱ्याच्या वहींत आपल्या माणसाचें नांव नाहीं म्हणून रागावण्यापूर्वीं आपण आपली स्वतःची पत्र्याची पेटी उघडून पाहूं या.

त्या पेटींत काय आहे? लग्नाचा फोटो, बाप्तिस्म्याचा फोटो, आणि तळाशीं गणवेषांतील एक तरुण. हा कोण, असें नातवानें विचारलें तर आजी सांगते, "हे तुझ्या आजोबांचे थोरले भाऊ, लढाईवर गेले ते आलेच नाहींत." आजी आहे तोंवर त्या चेहऱ्याला नांव आहे. आजी गेली म्हणजे तो विन्याकूरच्या कांचेप्रमाणें मुका होईल. परक्या आयोगानें आपलें नांव लिहिलें नाहीं, ही त्याची चूक. आपण घरच्यांनींही लिहिलें नाहीं, तर ती कोणाची?

आज शिपाई मुलगा सरहद्दीवरून मोबाइलवर दिवसाला दहा फोटो पाठवितो. फोटो क्षणांत येतो, त्यासाठीं टपालवाल्याची वाट पाहावी लागत नाहीं. ही देवाची देणगीच समजा. पण दहा फोटोंबरोबर एकही शब्द येत नाहीं, आणि आपणही अंगठ्याचें चिन्ह पाठवून मोकळे होतों. पूर्वींचा अंगठा लिहितां येत नाहीं म्हणून होता. आजचा अंगठा लिहावयास सवड नाहीं म्हणून आहे. मुलानो, तुम्ही दूर आहां. आईला तुमचा चेहरा हवा, पण तुमचे चार शब्दही हवेत. आईबापांनो, मुलगा पैसे पाठवितो म्हणजे तो सुखी आहे, असें धरून चालूं नका. त्याला विचारा, त्याला लिहा, त्याच्यासाठीं नांव घेऊन प्रार्थना करा.

शेवटीं यशयाकडे येऊं. सियोन नगरी रडत म्हणते कीं, देवानें मला टाकलें, प्रभु मला विसरला. पेटीच्या तळाशीं पडलेल्या अनोळखी फोटोला बोलतां आलें तर तो असेंच बोलेल. ज्या विधवेचें दार महिनोन्‌महिने कोणी वाजविलें नाहीं, ती असेंच बोलते. त्यावर देव काय उत्तर देतो? तो म्हणतो कीं, एकदां आई आपल्या तान्ह्या बाळाला विसरेल, पण आपण विसरणार नाहीं. त्या नगरीला त्यानें आपल्या तळहातांवर कोरून ठेवलें आहे. शाई पुसट होते, कागद वाळवी खाते, कांच फुटते. म्हणून देवानें कागद घेतला नाहीं. त्यानें आपले हात घेतले. पुनरुत्थानानंतर प्रभु येशू संशयी थोमाजवळ आला, तेव्हां त्यानें त्याला आपला चेहरा पाहून ओळख म्हणून सांगितलें नाहीं; त्यानें आपले हात पुढें केले. त्या हातांवर खिळ्यांनीं जें लिहिलें होतें तें थोमानें वाचलें व आपल्या प्रभूला ओळखलें. पौलानें आपल्या पत्राच्या शेवटीं स्वतःच्या हातानें लिहिलें. देवानेंही आपल्या पत्राच्या शेवटीं तसेंच केलें. गेटिसबर्गच्या त्या अनोळखी शिपायाचें नांव माणसांना चार महिने ठाऊक नव्हतें. देवाला तें एक क्षणही अज्ञात नव्हतें. कूतच्या वाटेवर पडलेल्यांचीं नांवें कोणत्याही दगडावर नसलीं तरी तीं त्या हातांवर आहेत.

पण देव विसरत नाहीं म्हणून आपण विसरावें, असें नव्हे. ज्यांना त्यानें आठवणींत ठेवलें, त्यांनीं दुसऱ्यांना आठवणींत ठेवावें. म्हणून ह्या आठवड्यांत तीन कामें करा. घरांतील जुने फोटो बाहेर काढा, वडील माणसांजवळ बसा, आणि प्रत्येकाच्या पाठीवर नांव, गांव व साल लिहा; मऊ पेन्सिलीनें, हलक्या हातानें लिहा, म्हणजे पुढील बाजूस वळ उठणार नाहीं व शाई फुटणार नाहीं. दुसरें, दूर असलेल्या आपल्या एका माणसाला स्वतःच्या हातानें पत्र लिहा. तिसरें, ज्या घरांतील भिंतीवर हार घातलेला फोटो आहे त्या घरीं जा, आणि फोटोविषयीं नव्हे तर मागें राहिलेल्यांविषयीं विचारपूस करा. उपदेशकांनीं आपल्या मंडळीच्या वहींत पलटणींत गेलेल्या व न परतलेल्या प्रत्येकाचें नांव उतरून ठेवावें, आणि वर्षांतून एकदां तीं नांवें उपासनेंत मोठ्यानें वाचावीं.

प्रार्थना : हे प्रभो, तूं आम्हांला आमच्या नांवानें ओळखतोस. आमच्या दूर असलेल्या मुलांना संभाळ. ज्यांचीं नांवें आम्ही हरवलीं, त्यांबद्दल आम्हांला क्षमा कर. ज्यांचीं नांवें अजून आम्हांस आठवतात, तीं लिहावयास आमच्या हातांना, आणि त्यांच्या लेकरांस विचारावयास आमच्या पायांना चालना दे. आमेन.